जमिनीवर पसरलेला अंक

डिसेंबर १९३३. न्यूयॉर्कच्या एका फुटपाथवर, मासिकं टांगलेल्या टपरीपुढे तुम्ही उभे आहात. वाऱ्यानं कान बधिर झालेत आणि टपरीवाला 'घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढे व्हा' अशा नजरेनं बघतोय. तुम्ही एकामागून एक फॅशनची मासिकं चाळता. बहुतेकांची तऱ्हा एकच. चारी बाजूंनी समास, मधोमध चौकटीत फोटो, खाली ओळ. फोटोतल्या बायका स्टुडिओतल्या खांबाला टेकून अशा उभ्या, की खोल श्वास घेतला तर झग्याची घडी मोडेल. डावं पान आणि उजवं पान एकाच जिन्यावर राहून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोन बिऱ्हाडांसारखी शेजारी शेजारी नांदतायत.

मग 'हार्पर्स बझार' उघडता आणि तुमचा हात थांबतो. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरून पोहण्याच्या पोशाखातली एक तरुणी धावतेय, पाठीवरचा केप वाऱ्यानं उडालाय. तिचं नाव ल्युसिल ब्रोको. फोटो काढणारा मार्टिन मुन्काची मूळचा हंगेरीचा, खेळांचे फोटो काढण्यात मुरलेला. फॅशनच्या फोटोतली बाई चक्क पळते, हेच तेव्हा नवल. पण फोटो पळत असला तरी पान अजून जागचं हललेलं नाही.

ते हललं पुढच्या वर्षी. १९३४ मध्ये, आर्ट डिरेक्टर्स क्लबच्या प्रदर्शनात, तुम्ही कार्मेल स्नो यांच्या मागोमाग चालताय. डब्लिनजवळ जन्मलेल्या या बाई 'व्होग' सोडून 'बझार'मध्ये आल्यात आणि आता तिथल्या संपादक आहेत. भिंतीवरच्या पानांत फोटो थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलेत, मजकुराभोवती मोकळं रान आहे. प्रदर्शन मांडणाऱ्या माणसाला त्यांनी लगेच आपल्याकडे ओढलं. अलेक्सी ब्रोडोविच. १८९८ मध्ये रशियात जन्म, ऐन तारुण्यात घोडदळात, मग क्रांतीनंतर परागंदा होऊन पॅरिसला. तिथे दियागिलेव्हच्या बॅले कंपनीसाठी पडदे रंगवून पोट भरलं. रंगमंचाचे पडदे रंगवलेल्या माणसाला दोन पानं मिळून एक रंगमंच दिसावा, यात आश्चर्य ते काय!

आता दहाएक वर्षं पुढे या. 'बझार'च्या कला विभागात तुम्ही उमेदवार म्हणून लागलात. रबर सिमेंटच्या वासानं डोकं जड झालंय. एका फोटोचे लहानमोठ्या आकारांतले फोटोस्टॅट तुमच्यापुढे येतात. (फोटोस्टॅट म्हणजे कॅमेऱ्यानं थेट कागदावर उतरवलेली नक्कल. कम्प्युटरच्या आधी मांडणीकाराचं निम्मं आयुष्य त्यातच जायचं.) तुम्ही इमानेइतबारे त्यातला मध्यम आकार घेता आणि डाव्या पानाच्या मधोमध ठेवता. ब्रोडोविच बघतात. समजावून सांगण्याची त्यांना फारशी सवय नाही. चकित करा, एवढीच त्यांची मागणी, आणि तीही दियागिलेव्हकडून उचललेली.

मग तुमच्या डोळ्यांदेखत कात्री चालते. बाईचं कोपर पानाबाहेर जातं, टोपीची कड वरून कापली जाते. फोटो उणा होतो आणि बाई एकदम जवळ येते. तिचं अंग किंचित उजवीकडे कललेलं आहे. उजव्या पानावर मजकुराचा एक छोटा ठोकळा तसाच कलता बसतो. खाली, कोपऱ्याशी. वरचं सगळं पान कोरं. तुम्हाला वाटतं, अजून काहीतरी यायचंय. काहीही यायचं नसतं.

आता स्वतःच्या डोळ्यावर पाळत ठेवा. तो आधी चेहऱ्यावर जातो, माणसाचा डोळा चेहरा सोडत नाही. चेहरा उजवीकडे बघतोय, म्हणून तोही उजवीकडे वळतो. कोऱ्या जागेत अडवायला कोणी नसल्यानं तो घरंगळत त्या ठोकळ्यापाशी पोचतो आणि वाचायला लागतो. तुम्हाला वाटतं, वाचायचं आपणच ठरवलं. बाईचं तोंड डावीकडे असतं, तर हाच डोळा पानाच्या कडेवरून बाहेर पडला असता आणि तुम्ही पान उलटलं असतं.

आणि मधली शिवण? नवशिके तिथेच फसतात. मोठा फोटो दोन पानांवर अंथरला की झालं, असं त्यांना वाटतं आणि अंक बांधून आला की नायिकेचं नाक शिवणीत गडप झालेलं असतं. शिवाय छापखान्याचं गणित वेगळंच. एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या १६ पानी फॉर्ममध्ये अगदी मधली दोन पानं तेवढी कागदावर लगत छापली जातात. बाकी प्रत्येक जोडपानाची दोन अर्धी कागदावर भलत्याच ठिकाणी पडतात आणि घडी घातल्यावर भेटतात. घडी केसभर सरकली तरी खांदा एकीकडे, दंड दुसरीकडे. म्हणून शिवणीवर चेहरा यायला नको, मथळ्यातलं अक्षर फुटायला नको. तिथे आभाळ, वाळू किंवा भिंत येऊ द्यावी.

पण खरा धडा टेबलावर मिळत नाही, जमिनीवर मिळतो. अंक तयार होत आला की सगळी जोडपानं ओळीनं जमिनीवर पसरली जातात. तुम्ही मोजे सावरत त्यांच्या कडेनं चालता. एकेक सुटं पाहिलं तेव्हा देखणं वाटलेलं जोडपान इथे शेजाऱ्याला मारतंय. सलग तीन ठिकाणी मोठे चेहरे आले की तिसरा कोणी बघत नाही. गजबजलेल्या पानानंतर रिकामं पान आलं की ते रिकामपण ऐकू येतं. क्रम बदलला जातो. एखादं तुमचं लाडकं जोडपान बाहेर जातं. हळहळून उपयोग नसतो.

मला विचाराल, तर ब्रोडोविचचं मोठेपण त्या सुंदर पानांत नाही, या जमिनीवरच्या चालण्यात आहे. सुंदर पान अनेकांना जमतं.

आणि ही सगळी कोरी जागा कोणाच्या जिवावर? ते बघायला १९५० मध्ये उतरा. ब्रोडोविच आता फ्रँक झॅकरीबरोबर 'पोर्टफोलिओ' नावाचं स्वतःच्या मनासारखं मासिक काढतायत. जाहिरात नाही, म्हणजे मांडणीच्या मध्ये येणारं कोणी नाही. तिसऱ्या अंकात जॅक्सन पोलॉक जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासभोवती फिरत रंग ओततानाचे हान्स नामुथचे फोटो आहेत. मांडणी शिकणारी मुलं आजही हे अंक शोधत असतात. पण १९५१ मध्ये तिसऱ्याच अंकावर मासिक बंद पडलं. 'बझार'मधलं कोरं पान परवडत होतं, कारण त्याच अंकातली इतर पानं अत्तरं आणि हातमोजे विकत होती. कोऱ्या पानालाही कागद तेवढाच लागतो. त्याचे पैसे कोणीतरी भरावेच लागतात.

१९५८ मध्ये ब्रोडोविच 'बझार'मधून बाहेर पडले, १९७१ मध्ये फ्रान्समध्ये वारले. रिचर्ड अ‍ॅव्हडॉन आणि आयर्विंग पेन यांच्यासारखे फोटोग्राफर ब्रोडोविच शिकवायचे त्या वर्गातूनच घडले. हे दोघे तरी वर्गातली बोलणी विसरले नाहीत.

तुम्ही परत आपल्या काळात आलात की दिवाळी अंकाच्या श्रेयनामावलीत 'सजावट' या शब्दापुढे ज्यांचं नाव छापलं जातं, त्यांच्यासाठी एक विनंती घेऊन या. आता पानं पडद्यावर एकेक करून दिसतात आणि एकेक करूनच मंजूर होतात, त्यामुळे डावीकडे हळवी कथा आणि उजवीकडे मसाल्याची जाहिरात समोरासमोर आल्याचं अंक हातात पडल्यावरच कळतं. पैसे जाहिरातच देते, तिला हाकलू नका. पण अंक छापखान्यात धाडण्याआधी सगळ्या जोडपानांच्या साध्या काळ्यापांढऱ्या प्रती काढा, खोलीतल्या खुर्च्या बाजूला सारा आणि त्या ओळीनं जमिनीवर मांडा. मग चप्पल काढून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. तासाभराचं काम आहे.