स्वामी कुवलयानंद
स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट, १८८३, डभोई - १८ एप्रिल, १९६६) हे योगसंशोधक, शिक्षणतज्ज्ञ आणि मावळ तालुक्यातील लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते.

गरिबीत वाढलेल्या गुणे यांना १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. लोकमान्य टिळक व अरविंद घोष यांच्या प्रभावामुळे ते राष्ट्रीय शिक्षणाकडे वळले आणि अमळनेर येथे अध्यापन करू लागले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही होते. ते महाविद्यालय १९२३ मध्ये बंद पडले.

मालसर येथील परमहंस माधवदास हे त्यांचे योगगुरू. योगक्रियांचे फल केवळ श्रद्धेवर न सोडता तपासले पाहिजे, ही गुणे यांची भूमिका त्या काळात विरळच होती. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्यातील रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौलीचा अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. या अवस्थेला त्यांनी गुरूंच्या नावावरून ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधामची स्थापना केली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. शाळांतील शारीरिक शिक्षणात योगाचा समावेश व्हावा यासाठी ते झटले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी कैवल्यधामात गोरधनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू केले.