चुन्याची धमनी, हिऱ्याची कानस

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला आणि 2014 पासून तो तेलंगणात आहे. 2008 मध्ये आदिलाबादला ‘रिम्स’ हे वैद्यकीय महाविद्यालय झाले, तरी हृदयाचे दुखणे गुंतागुंतीचे निघाले की इथल्या मराठी घरात प्रश्न उठतोच : पैनगंगा ओलांडून नागपूरला जायचे, की दक्षिणेला हैदराबादला? सोयरे एकीकडे असतात, सरकारी योजनेचे कार्ड दुसरीकडे चालते. आणि तिथे पोचल्यावर डॉक्टर सांगतात, ‘‘धमनीत कॅल्शियम फार आहे, रोटा करावे लागेल.’’ संमतिपत्र बहुधा इंग्रजीत असते. ‘हृदयात ड्रिल फिरवणार’ एवढेच घरच्यांच्या ध्यानात राहते आणि सही होते. त्या सहीमागचा इतिहास आपल्या भाषेत माहीत असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

धमनीत चुना साचणे हा काही आधुनिक काळाचा रोग नव्हे. 2013 मध्ये इजिप्त, पेरू आणि उत्तर अमेरिकेतील 137 प्राचीन ममींचे सीटी स्कॅन प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 47 जणांत धमनीकाठिण्याच्या खुणा आढळल्या. हजारो वर्षांनंतर रक्तमांस सुकून गेले, पण चुना शिल्लक राहिला! आपल्याकडे ज्येष्ठांना वाटते की बोअरच्या जड पाण्याचा क्षार किंवा पानातला चुना धमनीत जाऊन बसतो. तसे नव्हे. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर जमतो, तिथे दाह होतो आणि कालांतराने हाड तयार व्हावे तशा क्रियेने तो थर कठीण होत जातो. वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि धूम्रपान ही त्याची प्रमुख कारणे. म्हणजे धमनीपुरता दोष चुन्याचा नाही. तंबाखूचा मात्र आहे.

16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागत्या रुग्णाच्या हृदयधमनीत फुगा फुगवून अडथळा दूर केला आणि अँजिओप्लास्टीचे युग सुरू झाले. 1986 मध्ये पहिला स्टेंट बसला. मऊ अडथळ्यापुढे फुगा जिंकला, पण दगडापुढे हरला. कठीण चुन्यात फुगा पुरता उघडत नाही. जोर लावला तर तो फुटतो किंवा धमनीच चिरते. अशा जागी स्टेंट तसाच बसवला तर तो अर्धवट उघडतो आणि पुढे त्यात गुठळी होण्याचा धोका राहतो.

यावर उपाय काढला तो अमेरिकेतील सिएटलच्या डेव्हिड ऑथ या अभियंत्याने. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, 1.25 ते 2.5 मिलिमीटर व्यासाची धातूची बोंडी. तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर हिऱ्याची कणी बसवलेली. बारीक तारेवरून ती धमनीत सरकवायची आणि दाबलेल्या वायूच्या जोरावर मिनिटाला साधारण 1,40,000 ते 1,80,000 फेरे या गतीने फिरवायची. नखावर कानस घासली तर नख झिजते, पण बोटाचे मऊ मांस लवते. हेच तत्त्व इथे आहे. कठीण चुना झिजतो, धमनीची लवचीक भिंत बाजूला सरते. झिजलेली पूड बहुतांशी रक्तातील तांबड्या पेशीपेक्षाही बारीक असते, म्हणून ती केशवाहिन्यांतून निघून जाते. 1988 मध्ये फ्रान्समध्ये माणसाच्या हृदयधमनीत हे यंत्र वापरले गेले. 1993 मध्ये अमेरिकेने त्यास परवानगी दिली.

आरंभी वाटले, आता फुग्याची गरजच सरली. तसे घडले नाही. नुसते घासून मोकळी केलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ लागली. औषधी स्टेंट आल्यावर या कानशीचे खरे काम ठरले : चुना संपवायचा नाही, स्टेंटसाठी वाट करून द्यायची. 2018 च्या एका जर्मन अभ्यासात चुनखडलेल्या धमन्यांच्या 200 रुग्णांत ठरवलेली पद्धत कानशीने 98 टक्के, तर खास फुग्यांनी 81 टक्के वेळा यशस्वी झाली. धोके मात्र आहेत : धमनीला छिद्र पडणे, रक्तप्रवाह मंदावणे, बोंडी अडकणे, ठोके कमी होणे. म्हणून सवयीचा हात हवा.

खर्चाचाही इतिहास आहे. 1990 च्या दशकात हैदराबादेत डॉ. सोमा राजू आणि डॉ. अब्दुल कलाम यांनी स्वस्त देशी स्टेंट घडवला. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली. ती मर्यादा स्टेंटची. हिऱ्याच्या कानशीचा खर्च वेगळा.

तेव्हा सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : चुना किती आणि कुठे आहे? कानस का, बायपास का नाही? हे काम इथे नेहमी होते का? आणि आपल्या कार्डात ते बसते का? नागपूर असो वा हैदराबाद, हे प्रश्न मराठीत विचारले तरी चालतात. डॉक्टरांना मराठी येत नसेल, तर समजावून सांगणारा कोणी तरी मिळेपर्यंत, जीव तातडीने धोक्यात नसेल तर, थांबता येते.