गांधीजींनी दूध का सोडले आणि पुन्हा का घेतले

जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर, लॉली स्टेशनजवळ, ११०० एकरांची एक शेती होती. हर्मान कॅलनबाख या वास्तुविशारदाने ती विकत घेतली आणि १९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली. तिचे नाव टॉलस्टॉय फार्म. १९१२ साली या शेतावर गांधीजी आणि कॅलनबाख यांच्यात दुधाच्या दोषांविषयी पुन्हा एकदा बोलणे चालले होते. दूध वाईट असे आपण सारखे बोलतो, मग ते सोडत का नाही, असे कॅलनबाखनी सरळच विचारले. गांधीजींना ते पटले आणि दोघांनी तिथल्या तिथे दूध वर्ज्य केले. लवकरच धान्यही गेले. भुईमूग, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर दोघे राहू लागले.

गांधीजींची शेळी आपल्याला व्यंगचित्रांतून ठाऊक आहे आणि तिच्यावरचे विनोदही आता जुने झाले. पण शेळी ही या कथेतली तडजोड आहे. मूळ कथा दूध सोडण्याची आहे आणि ती तीस वर्षे चालली. दुधावाचून माणूस नीट जगू शकतो का, हा प्रश्न एका माणसाने स्वतःच्या शरीरावर इतकी वर्षे घासून पाहिला आणि त्याचा जमाखर्च लिहून ठेवला, असे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

सोडण्याची कारणे एकाहून अधिक होती आणि ती एकमेकांत मिसळलेली होती. दूध विकार वाढवते, ब्रह्मचर्याला ते बाधक, ही कल्पना त्यांना प्रथम रायचंदभाईंकडून मिळाली. आज ती वाचताना आपण जरा अवघडतो. पण गांधीजींच्या लेखी ती गौण नव्हती, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. दुसरे कारण कलकत्त्याहून आलेल्या वाङ्मयाचे. गाई-म्हशींवर गोठ्यांत होणाऱ्या छळाची त्यात वर्णने होती. त्यातला सर्वांत किळसवाणा प्रकार म्हणजे फुका. जिचे वासरू मेले किंवा विकले गेले, ती गाय पान्हा चोरते. अशा जनावराच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकली की पान्हा सुटतो. हा प्रकार इतका सर्रास चाले की १८९०च्या प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या कायद्यात फुक्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले आणि १९६०च्या कायद्यातही ते ठेवावे लागले. फुंकण्याने जनावराच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते, हे शास्त्र नंतरचे. आता तेच ऑक्सिटोसिन सुईने टोचले जाते आणि त्यावर बातम्या येतात. म्हणजे गोठ्यातली युक्ती बदलली, गाईची स्थिती फारशी नाही.

तिसरे कारण आरोग्याचे. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये गांधीजींनी आरोग्यावर गुजरातीत एक लेखमाला लिहिली. मोठ्या माणसाला दुधाची गरज नाही, असा तिचा कल आहे. त्यात दुधाला पर्याय म्हणून एक कृतीही आहे: गोडे बदाम गरम पाण्यात भिजवावेत, साले काढावीत, चांगले वाटावेत आणि पाण्यात कालवावेत. दुधाचे सगळे गुण त्यात आहेत आणि दोष मात्र नाहीत, अशी ग्वाही त्यांनी दिली आहे. आज सुपरमार्केटच्या फळीवर रंगीत खोक्यांतून जे बदाम-दूध मिळते, त्याची जाहिरातही थोड्याफार फरकाने हीच असते.

हे सगळे मी का वाचत बसले, तेही सांगते. माझी आई ८१ वर्षांची आहे. रात्री पेलाभर म्हशीचे दूध घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही, आणि घेतले की पहाटे पोट फुगून कळा येतात. डॉक्टरांनी दोन आठवडे दूध बंद करून पाहायला सांगितले. एवढ्यावर घरात तीन पक्ष पडले. भाची बदामाच्या दुधाची खोकी घेऊन आली. मामांचे म्हणणे, दोष म्हशीचा. देशी गाय बघा. आईचा प्रश्न वेगळाच: मग एकादशीला मी घ्यायचे काय? ती जन्माची शाकाहारी. तिच्या ताटातून दूध काढले तर मागे काय उरते, हा हिशेब कोणीच करत नव्हते. प्रत्येक जण आरोग्याचे नाव घेऊन दुसऱ्याच कशाविषयी तरी बोलत होता. तेव्हा मला गांधीजींचे ते चोवीस तास आठवले.

ते चोवीस तास १९१४ सालच्या लंडनमधले. महायुद्ध सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना, ६ ऑगस्टला, गांधीजी तिथे पोहोचले. गोखले प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये गेले होते, ते पॅरिसमध्ये अडकून पडले होते. ते परतले तोवर गांधीजींना फुफ्फुसाच्या आवरणाचा दाह, म्हणजे प्लुरसी, जडली होती. उपचार डॉ. जीवराज मेहता करत होते. हेच पुढे मुंबईच्या केईएमचे डीन आणि गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. दूध आणि धान्य सुरू करा, असा मेहतांचा आग्रह. रोगी ऐकेना, तेव्हा तक्रार गोखल्यांकडे गेली. फलाहाराच्या बाजूने गांधीजी जे युक्तिवाद करत, त्यांची गोखल्यांना विशेष मातब्बरी वाटत नव्हती. डॉक्टर सांगतील ते खा, एवढेच त्यांचे म्हणणे. ज्यांना राजकारणात गुरू मानले, त्यांनी असा हट्ट धरल्यावर नाही म्हणणे अवघड होते. गांधीजींनी विचाराला एक दिवस मागून घेतला.

त्या रात्री त्यांनी जे केले ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी आपली कारणे वेगळी काढली. नुसत्या फळांवर राहण्यात आरोग्याचा आणि प्रयोगाचा भाग मोठा होता; तिथे गोखल्यांचे ऐकायला हरकत नव्हती. दूध सोडण्यात धर्माचा भाग मोठा होता. गवळीवाड्यातला तो छळ डोळ्यांसमोरून हलत नव्हता. सकाळी त्यांनी निर्णय सांगितला: फलाहाराचा हट्ट सोडतो, दूध घेणार नाही. गोखल्यांना तो पूर्ण पसंत पडला नाही, पण त्यांनी मानला. पुढे डॉ. अ‍ॅलिन्सन आले. शाकाहाराचा पुरस्कार करणारे हे डॉक्टर १८९२ सालीच वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकलेले होते. त्यांच्या नावाचा कोंड्यासकटचा ब्रेड इंग्लंडमध्ये अजून विकला जातो. दुधाची काही गरज नाही, असे त्यांनी सांगून टाकले. रोग्याला हवे तेच बोलणारा डॉक्टर मिळाला, असे आपण म्हणू. पण त्यांच्या उपचाराने थोडा आराम पडला हेही खरे.

व्रताची खरी परीक्षा १९१८ साली झाली. गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. आहार मुख्यतः दाण्याचे लोणी आणि लिंबू. पोट आधीच कुरकुरत होते. एका सणाच्या दिवशी आश्रमात कस्तुरबांनी तेलातली गोड लापशी केली, वाटीभर मूग ठेवले आणि गांधीजी ते मनापासून जेवले. तासाभरात आमांश उलटला. नडियादला पोहोचेपर्यंत चालणे मुश्कील झाले. औषध नको, इंजेक्शन नको, दूध तर नकोच. अंबालाल साराभाईंनी त्यांना अहमदाबादच्या आपल्या बंगल्यावर नेले. तिथून ते आश्रमात परतले. मरण समोर दिसते आहे, असे वाटण्यापर्यंत वेळ आली. त्या दिवसांत डॉ. तळवलकर एका महाराष्ट्रीय गृहस्थांना घेऊन आले. हे केळकर, बर्फाच्या उपचारांचे वेड घेतलेले. त्यांनी अंगभर बर्फ चोळला आणि रोग्याला निदान थोडा हुरूप आला. मग कोणी माथेरान सुचवले. माथेरानचे पाणी जड; आठवडाही न काढता गांधीजींना तिथून पळावे लागले.

१९१९च्या जानेवारीत मुंबईत शंकरलाल बँकर यांनी डॉ. दलालांना बोलावले. दलालांनी शस्त्रक्रिया केली. दूध घेतल्याखेरीज मी तुमचे शरीर पुन्हा उभे करू शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि जोडीला लोह व सोमलाची इंजेक्शने सुचवली. इंजेक्शनांना गांधीजी तयार झाले, दुधाला नाही. व्रत आहे म्हणाले. व्रत नेमके कसले, असे डॉक्टरांनी विचारले. मग फुक्याची सारी हकिगत निघाली. कस्तुरबा खाटेपाशी उभ्या होत्या. शेळीच्या दुधाला मग काय हरकत आहे, असे त्यांनी तिथे सुचवले. डॉक्टरांनी तो शब्द लगेच उचलला. गांधीजी नमले.

लंडनमध्ये गांधीजींनी स्वतःची कारणे वेगळी काढली होती; मुंबईत ते काम कस्तुरबांनी एका वाक्यात केले. फुका गाई-म्हशींवर होतो, शेळीवर नाही. छळाचा मुद्दा तिथे संपत होता. गांधीजींना हे कळत होते, तरी सल गेला नाही. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती हे खरे, पण व्रताचा आत्मा सगळ्याच दुधाला लागू होता, असे त्यांनी आत्मकथेत स्वच्छ लिहिले आहे. जगण्याची इच्छा जिंकली आणि त्या इच्छेमागे सत्याग्रहाची ओढ होती, हीही कबुली तिथे आहे. त्याच वर्षी ६ एप्रिलला रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. ज्यांना आत्मकथेतला हा भाग वैयक्तिक आहारवेडाचा वाटतो, त्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

आता एक गंमत. कस्तुरबांनी जे सुचवले ते वाग्भटाने शेकडो वर्षे आधी लिहून ठेवले होते. 'अष्टांगहृदया'त दुधांचे गुण सांगताना शेळीविषयी म्हटले आहे की ती पाणी थोडे पिते, हिंडते फार, तिखट-कडू पाला खाते, म्हणून तिचे दूध हलके. आणि ते ज्या रोगांवर चालते त्यांत शोष आणि अतिसार आहेत. सुकून गेलेल्या, हगवणीने खंगलेल्या माणसाला हीच चिठ्ठी लागू पडली असती. कस्तुरबांनी वाग्भट वाचला असण्याची गरज नाही. काठेवाडात शेळ्या होत्या आणि आजारी माणसेही होती.

पर्यायाचा शोध मात्र गांधीजींनी सोडला नाही. 'नवजीवन'मध्ये आत्मकथा क्रमशः लिहिताना त्यांनी वाचकांकडेच मागणी केली: दुधाइतकी पौष्टिक आणि पचायला हलकी वनस्पती कोणाला ठाऊक असेल तर कळवा, पण पुस्तकातून नको, अनुभवातून सांगा. १९२९ साली त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. तोही पोट बिघडून संपला आणि शेळी परत आली. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन आले. त्याचे अहवाल 'हरिजन'मध्ये छापले गेले. आपल्या विदर्भात पुढे सोयाबीनचे एवढे पीक होईल आणि तरी ते तिथल्या ताटात फारसे दिसणार नाही, हे तेव्हा कोणाला सुचले असते?

त्यांना जे सापडत नव्हते त्यातला एक भाग १९४८ साली प्रयोगशाळेत सापडला. गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांतच जीवनसत्त्व बी-१२ शुद्ध रूपात वेगळे केल्याचे जाहीर झाले. ते भाजी-धान्यात नसते. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्याला ते मुख्यतः दुधातूनच मिळते. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून दूध सोडलेल्या माणसाला पहिली काही वर्षे काहीच कमी पडत नाही असे वाटते. दुसरा भाग दुधातल्या साखरेचा, लॅक्टोजचा. ती पचवणारे पाचकद्रव्य बहुतेक माणसांत लहानपणानंतर कमी होत जाते, हे १९६०च्या दशकात नीट उमगले. त्यापूर्वी दूध न पचणे हा एक तर रोग होता, नाही तर नखरा. भारतात वायव्येकडे दूध पचवणारे अधिक, दक्षिण-पूर्वेकडे कमी, आणि ही शक्ती देणारा जनुकीय बदल युरोपातल्यासारखाच आहे, असे २०११ सालच्या अभ्यासात दिसले. या दृष्टीने देशी गाय, म्हैस, शेळी यांत फार डावे-उजवे नाही. शेळीच्या दुधातही लॅक्टोज जवळपास तेवढेच. डावे-उजवे आहे ते दुधात आणि ताकात. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात.

आईच्या बाबतीत आम्ही हाच रस्ता धरला. पेला बंद, दुपारी वाटीभर दही किंवा ताक, नाचणीची आंबील, आणि बी-१२ची तपासणी. बदामाची खोकी भाचीच संपवते. त्यात प्रथिने इतकी थोडी असतात की ८१व्या वर्षी त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. एकादशीचा प्रश्न आईने स्वतःच सोडवला. उपासाला दही चालते, हे तिला आमच्याहून आधी माहीत होते.

ऑगस्ट १९४२मध्ये गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. तिथे त्यांनी १९१३ची ती लेखमाला नव्याने लिहायला घेतली आणि डिसेंबरात पुरी केली. तीच 'आरोग्याची किल्ली'. दूध हा प्राणिज पदार्थ आहे, शुद्ध शाकाहारात त्याला जागा नाही, हे मत त्यात कायम आहे. पण बैठे काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहाराचा जो तक्ता त्यांनी दिला आहे, त्यात धान्य ६ औंस, पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्ची भाजी १ औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्याच ओळीत, गाईचे दूध २ पौंड. असंख्य वनस्पतींत कुठे तरी दुधाची जागा घेणारी एखादी असेलच, वैद्य-डॉक्टरांनी ती शोधावी, अशी विनंतीही त्याच पुस्तकात आहे. हे लिहिणारा माणूस स्वतः तेव्हाही शेळीचेच दूध पीत होता.