भीती वाटली, तर पुढचं कोण ठरवणार?

टेबलाभोवती बसून खेळायच्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांतली एकच गोष्ट आज आपण घेऊ: ‘स्टेटस इफेक्ट’, म्हणजे पात्रावर काही काळ येणारी अवस्था. लकवा, आंधळेपण, भीती, मोहिनी वगैरे. पात्रात जीव किती उरलाय, ते ‘हिट पॉइंट’ सांगतात. उरलेल्या जिवानिशी त्याला काय करता येईल, ते अवस्था सांगते.

मूळ शोधायचं तर आपल्याला युद्धखेळांकडे जावं लागतं. १९७१ च्या ‘चेनमेल’मध्ये मोठ्या लढाईत एक बाहुली म्हणजे वीस सैनिक. त्यांचं धैर्य टिकलं की खचलं, हे फासे ठरवत. तुकडी पळाली तरी खेळाडूला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटायचं कारण नव्हतं.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि एक पात्र एका माणसाचं झालं. बघा, इथे सगळंच बदललं. त्या नियमांत मोहिनी पडलेलं पात्र मांत्रिकाच्या पूर्ण कह्यात जाई, मंत्र उतरेपर्यंत. वाचायची संधी एकच: वीस बाजूंच्या फाशाची एक फेक. ती फसली, की खेळाडू टेबलाशी बसलेला, पण पात्र त्याचं राहिलेलं नाही!

इथे आपण एक भेद केला पाहिजे. लकव्यात शरीर बांधलं जातं, इच्छा शाबूत असते. मोहिनीत आणि भीतीत इच्छेलाच हात घातला जातो. खेळाडूला दुसरं जास्त लागतं, कारण खेळात त्याच्या मालकीचं असतं ते एवढंच: निर्णय.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत अवस्थांच्या नेमक्या व्याख्या एका जागी आल्या. भीतीच्या तीन पायऱ्या झाल्या. पहिलीत हल्ल्याच्या फाशातून २ वजा, पण पात्र जागेवर उभं. दुसरीपासून मात्र पळणं भाग. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हेही सुटलं. घाबरलेलं पात्र भयाच्या कारणाकडे आपण होऊन पाऊल टाकू शकत नाही. ते कारण दिसत असेपर्यंत दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. पण पळायचं, लपायचं की तिथूनच बाण मारायचा, हे खेळाडूच ठरवतो. मोहिनी पडलेला मोहिनी घालणाऱ्यावर हल्ला करू शकत नाही. गुलाम होत नाही. पूर्ण ताबा घेणारे मंत्र आजही आहेत, पण त्यांतसुद्धा इजा झाली की सुटकेसाठी पुन्हा फासा मिळतो.

कुणी म्हणेल, पळायला न लावणारी भीती ती कसली भीती? आपल्याला हे पटत नाही. स्पिनोझाने १६७७ च्या ‘एथिक्स’मध्ये भावनांचा विचार करताना विचारलं होतं, की त्यांनी आपली कृतिशक्ती वाढते की घटते. नव्या नियमांतली भीती अगदी तशी आहे: शक्ती घटवते, माणूस पुसून टाकत नाही. घाबरूनही उभं राहायचं, हा निर्णय शिल्लक असेल तरच त्याला धैर्य म्हणता येतं. फासा पळवून नेतो तिथे भित्राही कुणी नाही आणि शूरही कुणी नाही.