झोतभट्टीच्या भिंतीतलं कोबाल्ट

4 ऑगस्ट 1956. वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये तुम्ही उभे आहात. शिवारात कपाशी आणि ज्वारी उभी आहे. गाव अकोला जिल्ह्यात, आणि अकोला अजून मध्य प्रदेशात. लोहार विझलेल्या भट्टीवरून हात फिरवतो, तडकलेल्या जागी ओली माती लिंपतो.

दुपारी पावणेचारला तुर्भ्याला या. भारताची पहिली अणुभट्टी, अप्सरा, आत्ताच सुरू झाली आहे. अशा भट्टीत साधं कोबाल्ट ठेवलं की न्यूट्रॉन शोषून त्याचं कोबाल्ट-60 होतं. ते गॅमा किरण सोडतं आणि सव्वापाच वर्षांत निम्मं उरतं.

आता त्याच दशकात सोव्हिएत संघातल्या एका झोतभट्टीपाशी चला. चेहरा भाजतोय. आत सुमारे दीड हजार अंशांचा लोहरस आहे आणि त्याला अग्निविटांच्या अस्तरानं अडवलं आहे. ही भट्टी वर्षानुवर्षं विझत नाही, त्यामुळे लोहारासारखा हात फिरवून बघायची सोय नाही. अस्तर झिजून भिंत फुटली, तर लोखंड माणसांवर येईल. म्हणून विटा रचतानाच वेगवेगळ्या खोलीवर कोबाल्ट-60चे बारीक तुकडे बसवले आहेत. भिंतीबाहेर किरण टिपणारा गायगर काउंटर धरा. टकटक ऐकू येते, म्हणजे तिथली वीट शाबूत आहे. काही महिन्यांनी त्याच जागी टकटक मंदावते. झीज तिथवर पोचली, तुकडा टनावारी लोखंडात विरघळून गेला. भट्टी न विझवता भिंतीची जाडी कळली.

ऑक्टोबर 2008. फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं जोडणाऱ्या कामगारांशेजारी उभे राहा. त्या बटणांच्या, भारतातून आलेल्या पोलादात कोबाल्ट-60 निघालं आहे. एप्रिल 2010मध्ये दिल्लीच्या मायापुरीत याच कोबाल्टचं उपकरण भंगारात फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. मूलद्रव्य तेच. झोतभट्टीतला प्रत्येक तुकडा कुठे बसवला आहे, याचा हिशेब होता. भंगारात गेलेल्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. किरणोत्सार माणसाच्या कामी येतो तो या हिशेबामुळेच.

आता आजच्या तारखेला या. भंगारात आकाराच्या मानानं फार जड डबा किंवा पिवळ्या पाटीवर किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर हात लावू नका, कापू नका, वितळवू नका. लोकांना लांब ठेवा आणि लगेच पोलिसांना कळवा.