अधिकची खूण

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला जगातल्या सगळ्या वस्तूंची किंमत कळते, असा आमच्या रेणापुरात एक गोड गैरसमज आहे. म्हैस घ्यायची असो, जुनी मोटारसायकल विकायची असो, की जावई पारखायचा असो, लोक मला पुढे घालून नेतात. वास्तविक मी कॉमर्सचा पदवीधर. मला घसारा काढता येतो, किंमत नव्हे. बँकेत सोनं तारणाला येतं तेव्हासुद्धा कसोटीवर घासतो तो सराफ. मी फक्त तो सांगेल तो आकडा लिहितो आणि चेहरा गंभीर ठेवतो. माझी सारी प्रतिष्ठा त्या चेहऱ्यावर उभी आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या बँडवाल्या चाचांचा नातू पोत्यात काहीतरी घालून घरी आला. पोत्यातून निघाला साइड ड्रम. वरातीत गळ्यात अडकवून दोन काड्यांनी कडकड बडवतात, तो. खालच्या कातड्याला तारा टेकलेल्या असतात, म्हणून तो 'धम्म' न म्हणता 'खर्रर्र' म्हणतो. मूळचा हा पलटणीतला गडी. पुढे नवरदेवाच्या चाकरीला लागला.

"साहेब, हा १९११ चा हाय. दिल्ली दरबारात वाजलेला," नातू म्हणाला. "हैदराबादचं गिऱ्हाईक साठ हजार देतंय. तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

साठ हजार त्याला कर्जातला स्वतःचा हिस्सा म्हणून भरायचे होते. कर्ज कशासाठी? डीजेसाठी! म्हणजे बापजाद्यांचा ड्रम विकून त्याचाच मारेकरी घरात आणायचा. पण वरातीला आता बँड कोण बोलावतो? पोराचंही काही चुकत नव्हतं.

गोष्ट जुळवणाऱ्याने इतिहास वाचलेला होता, हे मात्र मान्य केलं पाहिजे. पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार डिसेंबर १९११ मधला, आणि मीर उस्मान अली खान हैदराबादच्या गादीवर बसले तेही त्याच साली, ऑगस्टमध्ये. नवे निजाम दिल्लीला गेले, बरोबर लवाजमा गेला, लवाजम्यात हा ड्रम गेला. ऐकायला काय वाईट आहे?

पण वीस वर्षं सह्या पडताळून मला एक गोष्ट कळली आहे. खरी सही दर वेळी जराशी चुकते. हुबेहूब असते ती खोटी. म्हणून मी चष्मा पुसला.

पहिली अडचण अशी, की नातवाने ड्रम चिंचेने घासून लख्ख केला होता. जुन्या पितळेवरचा काळपटपणा हा तिचा जन्मदाखला. तो याने धुऊन टाकला. वरचं कातडं प्लॅस्टिकचं. ते अमेरिकेत बाजारात आलं १९५७ च्या सुमारास. कड्यांवर निळसर क्रोमची झिलई. तीही १९२० नंतरच्या दशकात धंद्यात आली. त्याआधी निकेल असे, जरा पिवळसर. आणि एका स्क्रूच्या डोक्यावर अधिकची खूण! असे फुलीचे स्क्रू १९३६ नंतर पसरले. अधिकच्या खुणेमुळे किंमत वजा होताना मी प्रथमच पाहिली.

तरी मी निकाल दिला नाही. स्क्रू बदलतात, कडी बदलतात, कातडं तर बदलावंच लागतं. आमच्या कचेरीतल्या खुर्चीचे पाय, पाठ आणि बैठक तिन्ही बदलली आहेत; खुर्ची मात्र रजिस्टरात जुनीच आहे. प्रश्न होता पिंपाचा, म्हणजे मधल्या पितळी अंगाचा. त्यावर इंग्रजी ठसा होता आणि त्या अक्षरांच्या खाचांपर्यंत चिंच पोचली नव्हती. 'बूसी अँड हॉक्स, लंडन.'

इथे दरबार बरखास्त झाला. बूसी आणि हॉक्स ही लंडनची दोन वेगळी घराणी. ती एक झाली १९३० साली. १९११ च्या ड्रमवर त्यांचं जोडनाव म्हणजे लग्नाआधी एकोणीस वर्षं छापलेली बारशाची पत्रिका! आमच्याकडे स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. २०१० च्या पासबुकावर २०१७ नंतरचा शिक्का दिसला, तर कारकून काय करील? चेहरा गंभीर करील. मी केला.

नातवाचा चेहरा पाहवेना. "आत बघू," मी म्हणालो, काहीतरी म्हणायचं म्हणून. वरचं कातडं काढलं. पिंपाच्या आतल्या अंगाला खिळ्याने कोरलेल्या ओळी होत्या, उर्दूत. त्या काळी शाळा उर्दूच. मला अक्षर लागेना. शेवटी चाचांना बोलावलं.

चाचांनी ड्रम उजेडाकडे धरला. "हे अब्बांचं. फसली १३५५. नवं कातडं. साडेतीन रुपये हाली."

मी कागद ओढला. निजामाच्या मुलखातला फसली सन, त्यात ५९० मिळवा: १९४५-४६. हाली म्हणजे निजामाचा रुपया. सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, तेव्हा साडेतीनचे बरोबर तीन. जमाखर्च जुळला! ड्रम १९३० नंतरचा आणि १९४६ च्या आधीचा. दरबारी नसला तरी अस्सल.

"पुढं १३५६, ताराची दुरुस्ती," चाचा वाचत होते. "मग १३५८."

"चाचा, १३५७ राहिलं."

"नाही ना." त्यांनी त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. "त्या साली कुणाच्याच दारात बँड वाजला नाही, साहेब."

मी पुन्हा ५९० मिळवले. ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. रझाकार, जळलेली गावं, १३ सप्टेंबरला आलेली फौज, १७ सप्टेंबरला संपलेली निजामशाही आणि तिच्यामागून पुन्हा आलेले भीतीचे दिवस. शाळेत मला हे सगळं दहा गुणांसाठी होतं.

"दरबाराचं काय, चाचा?"

"कसला दरबार? अब्बा अंबाजोगाईच्या पुढं गेले नाहीत."

मी खरं तेच लिहून दिलं. गिऱ्हाईक साठ हजारांवरून आठ हजारांवर आलं, आणि आठ हजारांसाठी चाचा ड्रम देईनात. डीजेचा अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. स्वतःच्या हिश्शाचा रकाना कोरा. कोऱ्या रकान्याकडे मी हल्ली जरा जपून बघतो.

कातडं परत चढवण्याआधी चाचांनी नातवाच्या हातात खिळा दिला आणि शेवटच्या ओळीखाली मराठीत नोंद करायला लावली. सालाखाली त्याने कोरलं: 'तपासणी. बँकवाले साहेब. खर्च काही नाही.'

वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं अचूक मूल्यमापन कुणी केलं नव्हतं.