पैसे द्यायचे, तर सायकल कशाला?

दिवेआगरच्या एका वाडीत आम्ही सायकली माडाच्या बुंध्याला टेकवल्या आणि ओटीवर अंग टाकले. माड म्हटले म्हणून वाचकांनी उभा माड समजू नये. तो आडवा पडलेला होता, आणि दीड वर्ष तसाच पडून होता. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढून आले, तेव्हा तासाला 110 ते 120 किलोमीटर वेगाने वारा वाहत होता. सकाळी उभी असलेली वाडी संध्याकाळी चटईसारखी निजली होती. घरधनीण मावशींनी आम्हां घामाघूम मंडळींना ताक दिले, माझ्या पिकल्या केसांकडे नि थरथरत्या पोटऱ्यांकडे आळीपाळीने पाहिले, आणि विचारले, "हे सगळे कशासाठी?"

मी सांगितले की, वादळात गेलेल्या वाड्यांना नारळ-सुपारीची रोपे द्यायची आहेत. त्यासाठी आम्ही रेवसपासून बागमांडल्यापर्यंत सायकलीने निघालो आहोत. आमच्या ओळखीच्या लोकांनी किलोमीटरमागे अमुक रुपये देण्याचे कबूल केले आहे.

"म्हणजे तुम्ही सायकल चालवली नाही, तर ते पैसे देणार नाहीत?"

"तसे नाही..."

"मग द्यायचे तर सरळ द्यावेत की, भाऊ! सायकल कशाला?"

मला उत्तर सुचले नाही. ताक मात्र फार चांगले होते.

आमच्या प्रवासाची फुशारकी मारण्यात अर्थ नाही. दीडशेच्या आतबाहेर किलोमीटर आणि चार दिवस. ज्यांना सवय आहे ते हे अंतर एका दिवसात संपवतात. माझ्या पुतण्याने किलोमीटरमागे दहा रुपये कबूल केले, ते काका अलिबागच्या पुढे जात नाहीत या खात्रीने. अलिबाग सोडून रेवदंडा गाठला, तेव्हा त्याचा फोन आला. आवाजात काळजी होती, पण ती माझ्या प्रकृतीची नव्हती.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलो, तेव्हा बरोबरच्या तरुणांना मी 'रामदास' बोटीची हकीकत सांगितली. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, याच वाटेवर ती बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. अवसेचा दिवस होता आणि पाऊस कोसळत होता. त्या खवळलेल्या पाण्यातून रेवसच्या कोळ्यांनी कित्येकांना आपल्या होड्यांत ओढून घेतले. बुडणारा माणूस डोळ्यांसमोर दिसला की हात आपोआप पुढे होतो. मावशींचे म्हणणे त्या कोळ्यांच्या रीतीचे होते, आणि ते चूक म्हणण्याची माझी छाती नव्हती.

तरी प्रश्न डोक्यातून जाईना. पुढच्या चढावर पायडल मारता मारता मी तो इतिहासाच्या अंगाने तपासू लागलो. चढावर विचार करण्याला वेळ भरपूर मिळतो.

लांबच्या सायकलप्रवासाचे वेड आपल्याकडे नवे नाही. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. सहाही जण व्यायामशाळेत वजने उचलणारे. इराणची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असे करीत 18 मार्च 1928 रोजी ते परतले, तेव्हा त्यांत तिघेच उरले होते: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. त्यांनी कापलेले अंतर सुमारे 71,000 किलोमीटर भरले. गियर नव्हते, मदतीला मागून येणारी मोटार नव्हती, आणि वाटेत सायकल मोडली तर लोहार शोधायचा. त्यांच्यापुढे आमच्या दीडशे किलोमीटरांचा उच्चार करणेसुद्धा धाडसाचे. पण त्यांच्या त्या प्रचंड खटाटोपातून कुणा चौथ्यासाठी चार पैसे उभे करायचे होते, असे मात्र नाही. त्यांना जग पाहायचे होते आणि हिंदी तरुण काय करू शकतो ते जगाला दाखवायचे होते. तेवढे पुरेसे होते. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि मावशींच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही म्हणून बाजूला ठेवले.

आजची ही रीत, म्हणजे तुम्ही अंतर तोडा, आम्ही दान देऊ, ही तशी परदेशातून आलेली. अमेरिकेत 1980 साली मॅसॅच्युसेट्स राज्यात छत्तीस जण कर्करोगावरील संशोधनासाठी सायकलीवर निघाले आणि त्यांनी 10,200 डॉलर जमवले. ती मोहीम पुढे दरवर्षीची झाली आणि तिचे आकडे कोट्यवधींवर गेले. त्याच साली कॅनडात टेरी फॉक्स नावाचा एक पायाचा तरुण त्याच रोगासाठी देश धावत ओलांडायला निघाला. कर्करोगानेच त्याचा पाय घेतला होता. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावल्यावर तो रोग फुप्फुसांत पोचल्याचे कळले आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी तो वारला. सरळ पैसे मागितले असते तर लोकांनी दिले नसते असे नाही. पण त्या लंगडत्या धावेत लोकांना जे दिसले, ते पावतीपुस्तकात दिसले नसते.

इथवर आलो आणि वाटले, हे सारे परदेशीच आहे का? आपल्याकडे मागणाऱ्याने आधी आपले अंग झिजवावे ही रीत फार जुनी आहे, आणि तिचा एक मोठा पाईक तर याच जिल्ह्याचा. विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, 11 सप्टेंबर 1895 चा. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव 1981 साली मिळाले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत चाळीस दलित कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी ती सभेतच लोकांपुढे ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. तेथून जी पदयात्रा सुरू झाली ती तेरा वर्षे चालली. चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे झाली. विनोबांना मोटार मिळाली नसती असे नाही. पण मोटारीतून उतरणाऱ्याला लोक हार घालतात आणि निवेदन देतात; पायी आलेल्याला जमीन द्यावीशी वाटते. दारात उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्यापर्यंत येण्यासाठी काही सोसले आहे, हे दात्याला दिसावे लागते.

आणि सायकल? तीही आली. बाबा आमट्यांनी 24 डिसेंबर 1985 रोजी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभरावर तरुण आणि सोळा तरुणी सायकलींवर होत्या. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बाबांना बसणेही अशक्य, म्हणून ते एका गाडीत निजून त्यांच्याबरोबर होते. दोनच दिवसांनी त्यांना एकाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. पाच हजारांवर किलोमीटर ते असे निजून हिंडले, आणि 1988 साली पुन्हा इटानगरहून ओख्यापर्यंत दुसरी यात्रा काढली. निघण्याची तारीख म्हणजे साने गुरुजींचा जन्मदिवस. गुरुजी पालगडचे, म्हणजे आम्ही जिथे थांबणार होतो त्या बाणकोटच्या खाडीपलीकडच्या दापोली तालुक्यातले. प्रांताप्रांतांतली मने जुळावीत हे त्यांच्या 'आंतरभारती'चे स्वप्न, आणि ते सायकलीच्या चाकांवर घालून देशभर फिरवावे ही बाबांची कल्पना. त्या पोरांनी पैसे मागितले नाहीत. पंजाब पेटलेला असताना माणसांनी एकमेकांजवळ यावे, एवढेच मागितले. पैशांपेक्षा हे मागणे अवघड.

पण इतिहास वाचायचा तर पुरता वाचावा. भूदानातल्या पुष्कळ जमिनी खडकाळ निघाल्या, काहींवर वाद निघाले, आणि कित्येक एकर कागदावर दिले गेले ते भूमिहीनांच्या हाती कधी पडलेच नाहीत. विनोबांचे पाय खरे होते आणि दात्यांचे अश्रूही बव्हंशी खरे असतील. कच्ची राहिली ती नंतरची, तलाठ्याच्या दप्तरातली, कंटाळवाणी वाटचाल. चालणारा पुढच्या गावी जातो. मागे राहिलेल्या कागदाला पाय नसतात. मावशींच्या प्रश्नापेक्षा मला या गोष्टीची धास्ती अधिक वाटली. आपणही चार दिवस सायकली दामटून, छायाचित्रे काढून, पुण्य पदरात पाडून घरी जाणार, आणि रोपे?

रोपांचे गणित मावशींनीच सांगितले. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे या भागात केवढे नाव! पण सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, माडाला तेवढीच किंवा थोडी जास्त. वादळानंतरच्या पहिल्या महिन्यात धान्य आले, ताडपत्र्या आल्या, पुढारी आले, पंचनामे झाले. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सगळे थांबले. कारण रस्त्यावरून मोटारीने जाणाऱ्याला आता काही दिसत नव्हते. घरांवर नवे पत्रे चढले होते, समुद्र निळाच होता, पर्यटक परतले होते. वाडीची रिकामी जागा रस्त्यावरून कळत नाही. तिथे गवत उगवते आणि ते हिरवेच दिसते. आम्हालाही ती दिसली कारण त्या चढावर सायकल हातात धरून चालावे लागले, तहान लागली, आणि पाणी मागायला आम्ही कुंपणाच्या आत गेलो.

म्हणजे मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मावशींच्याच ओटीवर होते, फक्त ते मला दिघीकडच्या चढावर न सुचता पुढे हरिहरेश्वरच्या वाटेवर सुचले. रामदास बोटीतली माणसे बुडताना दिसत होती. ही वाडी बुडताना दिसत नव्हती. माझ्या पुतण्याला सरळ पैसे मागितले असते तर त्याने पाचशे रुपये पाठवून विषय मिटवला असता. आता तो चार दिवस रोज संध्याकाळी विचारत होता, "आज कुठवर?" आणि मी त्याला दर किलोमीटरला एकेक पडलेली वाडी ऐकवत होतो. पंधराशे रुपये तर त्याने दिलेच. शिवाय सुपारीला फळ कधी धरते, हे मुंबईत जन्मलेल्या त्या मुलाला आज ठाऊक आहे.

बागमांडल्याला सावित्रीच्या मुखाशी आमचा प्रवास संपला. जंगर पलीकडे वेसवीला जायला उभी होती. तरुणांना तीत चढायचा मोह झाला, मला झाला नाही.

पैशांची रोपे घेऊन झाली, वाटूनही झाली. भूदानाची धास्ती मनात होती म्हणून मी एक वही केली आणि पुढच्या हिवाळ्यात एस. टी.ने श्रीवर्धनला उतरून वाडी वाडी हिंडलो. काही रोपे जगली होती, काही वाळली होती, काही गुरांनी खाल्ली होती. जे होते ते लिहिले. मावशींच्या वाडीतली बहुतेक सुपारी तरारली होती. आडवा माड आता तिथे नव्हता. त्याच्या फळ्या पाडून त्यांनी विहिरीवर आडोसा केला होता. मी वही उघडून मोजू लागलो, तशा त्या कुंपणाबाहेर डोकावून पाहून आल्या आणि म्हणाल्या,

"भाऊ, सायकल कुठाय?"